सत्त्याऐंशी नंबरचा बिल्ला

मित्रांनो, मी रुपयाएवढा एक पितळी बिल्ला आहे. जुना आहे, आणि खरं सांगायचं तर थकलेलाही आहे. माझ्यावर ८७ हा आकडा आहे, सालाचा ठसा आहे आणि हिंदीत 'टीका लगा', म्हणजे लस टोचली, असं कोरलेलं आहे. हे शब्द सुरुवातीला खरे होते. नंतर ते खोटे झाले. कसे, ते सांगतो.

भोपाळला सोनागिरीच्या शेजारी कारखान्याची वसाहत आहे. तिथल्याच पितळी पत्र्याच्या उरलेल्या पट्टीतून माझा जन्म झाला. प्रेसचे घाव पडत गेले आणि आम्ही दीडशे भाऊ टोपलीत जमा झालो. ते चौऱ्याहत्तर साल होतं. दर नोव्हेंबरात वसाहतीच्या मैदानावर कुत्र्यांना लस टोचायचे. टोचून झालं की वहीत मालकाचं नाव, कुत्र्याचा रंग, नर की मादी हे लिहायचे आणि गळ्यातल्या पट्ट्यात बिल्ला अडकवायचे.

वसाहतीचे नियम थोडेच होते. बिल्ला नसलेलं कुत्रं गाडी येऊन उचलून नेई. ते चावलं तर त्याच दिवशी पोटात सुया सुरू करायच्या. बिल्लेवालं चावलं तर आधी कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची. आणि कुत्रं मेलं तर आठ दिवसांत बिल्ला ऑफिसात परत करायचा.

मी शेरूच्या वाट्याला आलो. शेरू पांढरा, म्हातारा, शहाणा कुत्रा होता. त्याचे मालक काशिनाथ कारखान्यात तपासणी खात्यात होते. मोजल्याशिवाय कुठल्याही मालावर ते शिक्का मारत नसत. त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई मला चिंचेनं घासून लखलखीत ठेवायच्या. शेरू चालला की मी वाजायचो आणि शेजारची मुलं म्हणायची, "साहेब आले!" माझ्या आयुष्यातले चांगले दिवस तेवढेच.

डिसेंबरात शेरू म्हातारपणानं गेला. काशिनाथांनी मला परत करायला काढलं, तेव्हा प्रमिलाबाई म्हणाल्या, "राहू द्या हो चार दिवस. देऊ पुढच्या आठवड्यात." त्यांनी मला सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवलं. पण पुढच्या आठवड्यात त्या स्वतःच तापानं अंथरुणाला खिळल्या, आणि संक्रांतीच्या आधी गेल्या.

मग घरात आवाज असा राहिलाच नाही. काशिनाथ कामावर जात, येत, आणि पायरीवर बसत. तिथे एक तांबडी भटकी कुत्री यायची. प्रमिलाबाई तिला रोज पोळी घालत आणि तांबी म्हणत. आता पोळी काशिनाथ घालू लागले. त्या पायरीवर बाईंची वाट पाहणारं काशिनाथांशिवाय तेवढंच एक होतं.

फेब्रुवारीत एका सकाळी कुत्र्यांची गाडी आली. गल्लीच्या टोकाशी कुत्र्यांचं केकाटणं ऐकू येऊ लागलं. काशिनाथ घाईनं घरात आले. त्यांनी डब्यातून मला काढलं, शेरूचा पट्टा घेतला आणि आम्हाला तांबीच्या गळ्यात बांधलं. "लस देऊ पुढच्या शिबिरात," असं ते पुटपुटले. गाडीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तो पुढे गेला. वहीत ८७ नंबरपुढे पांढरा नर लिहिला होता आणि समोर तांबडी मादी उभी होती. पण वही कोण उघडतो? त्या वसाहतीत सगळे कारखान्यातले. शिक्का दिसला की माल पास. शेजाऱ्यांनाही वाटलं, काशिनाथांनी तांबीला टोचून आणलं असेल.

तीन आठवडे गेले. तांबी गप्प गप्प राहू लागली. पायरीखालच्या अंधारात बसायची, पोळी हुंगून सोडून द्यायची. शेजारच्या सुलभाबाई काशिनाथांना रोज डबा आणून देत. एके दिवशी त्या डबा ठेवायला वाकल्या आणि तांबीनं काही कारण नसताना त्यांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. सुलभाबाईंनी पदर गुंडाळला, घरी जाऊन हळद दाबली आणि नवऱ्याबरोबर दवाखान्यात गेल्या.

कंपाउंडरनं विचारलं, "बिल्ला है?"

"है ना, चमकता हुआ," त्या म्हणाल्या.

"तो फिर दस दिन देखो, बहनजी."

संध्याकाळी त्या खुशीत काशिनाथांना सांगायला आल्या. "वाचले बाई! पोटात चौदा सुया म्हणजे काही गंमत आहे का? तुमच्या बिल्ल्यानं वाचवलं, भाऊजी."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. त्या बाईचा जीव माझ्यावर विसंबला होता आणि मी खोटा होतो.

दोन दिवस काशिनाथ गप्प राहिले. खरं सांगितलं तर लोक तांबीला काठ्यांनी मारतील, ही एक भीती. आयुष्यभर दुसऱ्यांचे शिक्के तपासले आणि स्वतःच खोटा लावला, ही दुसरी. रात्रीचं जेवण तसंच राहायचं. तिसऱ्या दिवशी कारखान्यात सुलभाबाईंचे यजमान मधुकर भेटले. काशिनाथांनी बाईंच्या हाताची चौकशी केली.

"अहो, ठीक आहे," मधुकर हसून म्हणाले. "आमची आई घाबरवत होती, म्हणे सुया घे. मी म्हटलं, आई, काशिनाथरावांचं कुत्रं आहे. त्यांच्या हातून खराब माल पास होत नाही."

काशिनाथांनी हातातलं माप खाली ठेवलं. "मधुकरराव, तो बिल्ला तिचा नाही. शेरूचा आहे. तांबीला लस टोचलेलीच नाही. वहिनींना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

मधुकरांचं तोंड उतरलं. "तीन दिवस!" एवढंच ते म्हणाले आणि सायकलकडे धावले.

काशिनाथही मागोमाग गेले. डॉक्टरांसमोर त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी आधी जखम साबणानं आणि वाहत्या पाण्यानं बराच वेळ धुतली. त्याच वेळी पहिली सुई दिली. मग काशिनाथांना म्हणाले, "तुमचे हात दाखवा." थंडीत फुटलेली बोटं अजून भरली नव्हती आणि तांबी ती रोज चाटत होती. "तुम्हीही बसा रांगेत."

तांबीला लोकांनी मारलं नाही. मारू नका, तिच्यावरूनच काय ते कळेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एका रिकाम्या गॅरेजात तिला बंद केलं. चौथ्या दिवशी ती मेली. तपासणीत पिसाळलेलीच निघाली. काशिनाथ दाराबाहेर उभे होते. कोणी त्यांच्याशी बोललं नाही.

चौदा दिवस रोज सकाळी ते आणि सुलभाबाई दवाखान्याच्या एकाच बाकावर बसत. पहिले पाच दिवस बाईंनी मान फिरवून ठेवली. सहाव्या दिवशी पोट धरून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या पापाच्या सुया मला दुखतात, आणि तुम्ही तर हूं की चूं करत नाही!"

"माझ्या पोटाला दुखण्याची सवय झालीय, वहिनी. अन्न जात नाही त्यात."

"आज येऊन जेवा," बाई म्हणाल्या. "रागावलेली आहेच मी. तरी जेवा."

त्या वाचल्या. काशिनाथही वाचले. मला ऑफिसात नेऊन काशिनाथांनी साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि लेखी माफी दिली. पुढच्या नोव्हेंबरात शिबिरात ते स्वतः वही घेऊन बसले. कुत्रा समोर उभा केल्याशिवाय ते बिल्ला देत नसत. मी त्या टेबलाच्या कडेला खिळ्यावर टांगलेला होतो.

मित्रांनो, आता काळ बदलला आहे. पोटातल्या सुया गेल्या, आता दंडात चार-पाचच देतात. पण कुत्रं चावलं किंवा जखम चाटली तर हळद, मिरची काही लावू नका. पंधरा मिनिटं साबणानं, वाहत्या पाण्यात धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. गळ्यात बिल्ला दिसला म्हणून घरी बसू नका. मीही बिल्लाच होतो. आणि ज्या मुक्या जिवाला पोळी घालता, त्याला लसही टोचून घ्या. नुसती माया पुरत नाही.

त्या शिबिरात संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याशिवाय एकटेच आले. त्यांचा कुत्रा गेला होता. मुठीत बिल्ला घट्ट धरून ते म्हणाले, "हा एक राहू दिला तर चालेल का? आठवण म्हणून."

काशिनाथांनी हात पुढे केला. "जड जातं, मला माहीत आहे," ते म्हणाले. "तरी द्या."

म्हाताऱ्यांनी बराच वेळ लावला. पण दिला.