बसायला बंदी असलेला कट्टा

कट्टा आहे मी, जुना, चिऱ्याचा. रत्नागिरी शहराबाहेर जी कॉलनी झाली, तिच्या वळणावर फणसाखाली असतो. रीत आहे म्हणून तुम्हाला मित्रांनो म्हणतो, मैत्री वगैरे काही नाही. तुमच्या आईबापांवर माझा राग आहे, आणि तो कशाबद्दल ते ऐकाच.

इथला पहिला बंगला झाला तेव्हा कंपाउंडाचे चिरे उरले. गंगाराम गवंड्याने ते टाकून न देता मला बांधून काढला, तोही फुकट. पुढे पूर्णगडहून पहिल्या एसटीने येणारी हौसा माझ्यावर मासळीची पाटी टेकवू लागली. बांगडे, सौंदाळे, कधी सुरमई. असं बावीस वर्षं चाललं. कोणाकडे पाहुणे येणार, कोणाला काट्याचा मासा चालत नाही, सगळं तिला पाठ. गुडघे धरलेल्या सगुणाआजीला ती मासा साफ करून घरपोच द्यायची. उठताना बादलीभर पाणी ओतून मला धुऊन जायची. तेवढी आंघोळ मला पुरे होती.

मग कॉलनीत विकास समिती निघाली. अध्यक्ष आत्मारामभाऊ, नुकतेच रिटायर झालेले, त्यामुळे दर रविवारी नवी कल्पना. ओपन जिम, वाचनालय, सेल्फी पॉइंट. हौसाचे बांगडे खाऊन ढेकर देणाऱ्यांनाच अचानक वास येऊ लागला. शेवटी ठरलं की मासळीसाठी कॉलनीच्या पार टोकाला टाइल्सचा ओटा बांधायचा आणि माझा सेल्फी पॉइंट करायचा. मला कोण विचारतो?

ओट्याचं उद्घाटन ठेवलं कधी, तर संकष्टीला! प्रमुख पाहुण्यांना तोच दिवस मोकळा होता म्हणे. हौसाने हात जोडून दिवस बदलायला सांगितलं. नव्या जागेवर पहिल्याच दिवशी भवानी, म्हणजे पहिली विक्री, झाली नाही तर मासेवाल्या बायका ती जागा धरत नाहीत. आत्मारामभाऊंचा जन्म कोकणात गेला, त्यांना हे ठाऊक नसेल? पण पत्रिका छापून झाल्या होत्या. फीत कापली, पेढे वाटले. उपासाच्या दिवशी मासा घेणार कोण, कपाळ? दुपारपर्यंत तिची पाटी तशीच भरलेली राहिली.

त्या ओट्यावर ती पुन्हा गेली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली, तर मला गुलाबी रंग फासलेला आणि शेजारी फलक, 'कट्ट्यावर बसू नये'. तरी ती बसली. आत्मारामभाऊंनी येऊन तिला उठवलं. मासे घ्यायला आलेल्या सात-आठ बायका तिथेच उभ्या होत्या, काठी टेकत आलेली सगुणाआजीही होती. एकीनेही तोंड उघडलं नाही. रिकाम्या पिशव्या घडी करून सगळ्या घरी गेल्या. मला तोंड असतं ना, तर एकेकीला अशी झापली असती! हौसा आता बंदरावर दुसऱ्यांची कोळंबी सोलते.

परवाच्या रविवारी समिती माझ्यासमोर प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसली. नवी कल्पना काय निघाली? कॉलनीत रोज ताजी मासळी घेऊन कोणी बसलं तर किती सोय होईल. त्यावर टाळ्यासुद्धा वाजल्या, निर्लज्ज मेले. सगुणाआजी हळूच म्हणाली की हौसालाच बोलवा. आत्मारामभाऊंनी तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. कट्टा देतो, फलक काढतो, सगळं कबूल केलं.

हौसाने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊ, बावीस वर्सं मी तुमाला मासं दिलं. मला उठवलंत तवा एकजण तरी बोलला काय, बसूंदे तिला म्हणून? आता नको."

आणि तिने फोन ठेवला.

तर मित्रांनो, नव्या कल्पना खुशाल काढा. पण आधीपासून जे नीट चाललंय ते कोणाच्या जिवावर, ते बघा. त्या माणसाला कोणी उठवत असेल तर तिथल्या तिथे बोला, नंतर फोन लावून उपयोग नसतो. काल आत्मारामभाऊ तो फलक काढून घेऊन गेले. तरीही तुम्ही कोणी माझ्यावर बसू नका.