मालखान्यात जमा झालेली हातोडी

मित्रांनो, मी एक जुनी हातोडी आहे. हातोडी म्हटल्यावर खिळे ठोकणारी आखूड मंडळी डोळ्यांपुढे आणू नका. माझा दांडा तुमच्या कमरेपर्यंत येतो आणि डोकं जेमतेम लिंबाएवढं. उभ्या जन्मात मी एकही खिळा ठोकलेला नाही. मी झाशीच्या स्टेशनात आगगाडीची चाकं वाजवून बघायचे. सध्या झाशीतल्याच नगरा वस्तीत, माझ्या जुन्या धन्याची लेक इंदू हिच्या घरी दारामागे उभी असते. तिची नातवंडं मराठी समजतात, पण बोलतात हिंदीत. परवा त्यातल्या एकाने विचारलं, "नानी, ये डंडा किस काम का है?" डंडा! इतकी वर्षं सरकारी नोकरी केली आणि शेवटी हे ऐकायचं. म्हणून म्हटलं, आपली हकिकत आपणच सांगावी.

मला एका लोहाराने घडवलं. त्याने दहा वेळा भट्टीत घातलं, दहा वेळा बडवलं, आणि शेवटी पाण्यात बुडवून म्हणाला, "अब बोलेगी." बाभळीचा दांडा बसला आणि मी विश्वंभर कोलत्यांच्या हातात आले. विश्वंभर मूळचा भुसावळकडचा, रेल्वेच्या नोकरीसाठी झाशीला आलेला. माणूस सडपातळ, मिशा मोठ्या, आणि डोकं जरा गरम. ते मला दडवायचं नाही, कारण पुढे त्यावरूनच सगळं रामायण झालं.

आमचं काम सोपं दिसायचं. गाडी थांबली की आम्ही एका टोकापासून निघायचो आणि प्रत्येक चाकाला एक टोला द्यायचो. चाक धड असेल तर खणखणीत वाजतं. चिरलेलं असेल तर बद्द वाजतं, तडा गेलेल्या माठासारखं. विश्वंभर डोळे मिटून ऐकायचा आणि जे वाजलं तेच वहीत लिहायचा. न वाजवता त्याने कधी 'ठीक' लिहिलं नाही. एकदा मेल गाडीचं चिरलेलं चाक आम्ही पकडलं, तेव्हा मोठ्या साहेबांनी प्लॅटफॉर्मवर सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. माझी कोणी थोपटली नाही, पण चाक माझ्यामुळेच बोललं होतं, हे मला ठाऊक होतं.

आता मूळ गोष्ट. एकोणीसशे बासष्ट सालचा माघ महिना. माझा दांडा डोक्यापाशी हलायला लागला होता. नवी पाचर ठोकायला विश्वंभरने साहेबांची चिठ्ठी घेतली, मला सायकलच्या दांडीला बांधलं आणि तो दुपारी घरी निघाला. वाटेतलं रेल्वेचं फाटक ओलांडून आम्ही पुढे आलो, तोच समोरून मोठ गावच्या बाजाराला जाणारी खाजगी बस आली. ड्रायव्हर बालकिशन. त्याने बाजू दिली नाही. आम्ही सायकलसकट खड्ड्यात. विश्वंभरचा गुडघा फुटला, डबा उघडून उरलेली भाजी मातीत गेली. विश्वंभरच्या तोंडून जे निघालं ते मी तुमच्यासमोर सांगणार नाही.

फाटक तोवर बंद झालं होतं, म्हणून बस तिथे अडली. विश्वंभर सायकल वळवून तिच्यामागे गेला आणि खिडकीपाशी उभा राहून ड्रायव्हरला त्याने आणखी दोन शिव्या दिल्या. बालकिशन वरून हसला आणि म्हणाला, "बाबूजी, पहले सड़क पे चलना सीख लो."

एवढ्यात गाडी गेली आणि फाटक उघडलं. बस जरा पुढे सरकली, आणि मागच्या चाकातून आवाज आला, कट, कट. विश्वंभरचा चेहराच बदलला. त्याने मला सोडवून घेतलं आणि चालत्या बसबरोबर चालत चाकाच्या नटांना चार टोले दिले. दोन नट खणखणले. दोन बद्द वाजले. मित्रांनो, बद्द नट म्हणजे ढिला नट, आणि ढिले नट म्हणजे रस्त्यात कुठेतरी चाक निघून जाणार. बसमध्ये चाळीसेक माणसं होती, टपावरही होती.

विश्वंभर धावत बसच्या पुढे गेला आणि त्याने दोन्ही हात डोक्यावर उंच धरले. एका हातात मी, दुसरा पंजा उघडा. रेल्वेत याचा अर्थ एकच. धोका आहे, थांबवा. रेल्वेच्या माणसाला तो अर्थ शिकवावा लागत नाही. फाटकवाल्या मारुतीने लांबून ते हात बघितले आणि क्षणात फाटक पुन्हा खाली पाडलं.

पण बालकिशन रेल्वेत नव्हता. त्याने काय पाहिलं? मघाशी शिव्या देणारा माणूस, मिशा फेंदारलेल्या, डोक्यावर हातोडी उगारलेली. त्याने ब्रेक दाबला, कंडक्टरला घेऊन खाली उतरला, मला हिसकावून घेतलं आणि दोघांनी विश्वंभरला ठाण्यावर नेलं. तहरीर, म्हणजे लेखी तक्रार, लिहिली गेली ती अशी: सायकलवाल्याने रागाच्या भरात बसचं चाक फोडायचा प्रयत्न केला आणि दोन्ही हात उचलून ड्रायव्हरवर हातोडी उगारली. विश्वंभरला जबाब देण्यासाठी आठ दिवसांची मुदत मिळाली. मला मात्र चिठ्ठी बांधून मालखान्यात टाकलं. मालखाना म्हणजे ठाण्याच्या फौजदाराच्या, तिकडच्या भाषेत दरोगाच्या, खुर्चीमागचं लोखंडी कपाट. तिथे एक गंजका चाकू, दोन लाठ्या आणि चोरीची परात होती. त्यांच्या पंगतीत मी! असा संताप आला होता. पण कपाटाचं दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

इकडे रेल्वेच्या साहेबांनी विश्वंभरला सांगितलं, की ठाण्यातून नाव साफ झाल्याशिवाय कामावर यायचं नाही. आणि साफ झालं नाही, तर नोकरी गेली समजा. नोकरी गेली की क्वार्टर गेलं, आणि इंदू तेव्हा पाच वर्षांची.

विश्वंभर वकिलाकडे गेला. आबासाहेब हे झाशीतल्या जुन्या दक्षिणी, म्हणजे मराठी, घराण्यातले. त्यांच्या पूर्वजांना इथे येऊन दोनशे वर्षं झाली असतील. ते काय म्हणाले, ते विश्वंभरची बायको दुर्गा हिने मला पुढे कितीदा तरी ऐकवलं. मला तेल लावता लावता ती बोलत बसायची.

आबासाहेब म्हणाले, "विश्वंभरराव, आपण असा कागद करून द्यावा. शिवी दिली नाही. हातोडी सायकलला बांधलेलीच होती. सवाऱ्या बाजाराला निघून गेल्या, साक्ष द्यायला कोण येतो?"

"पण आबासाहेब, मी शिवी दिली. हातोडीही काढली."

"ते आपल्याला ठाऊक आणि देवाला ठाऊक. दरोगाला कशाला?"

दुर्गाही घरी म्हणाली, "अहो, आबासाहेबांचं ऐका. लेकरू लहान आहे."

तिसऱ्या दिवशी विश्वंभरने हिंदीत जबाब लिहिला आणि दुर्गाला मराठीत वाचून दाखवला: "मला राग आला होता. मी ड्रायव्हरला शिव्या दिल्या. चाकाच्या नटांना हातोडीचे चार टोले दिले, ते नट ढिले होते का हे ऐकण्यासाठी. दोन ढिले होते. हात वर केले ते बस थांबवण्यासाठी. माणसाला मी हात लावला नाही." दुर्गा डोळे पुसून म्हणाली, "पहिली दोन वाक्यं तरी खोडा." तो म्हणाला, "जे वाजलं ते लिहायचं. एवढंच मला येतं."

ठाण्यात दरोगा तिवारीजींनी तो कागद दोनदा वाचला. माणूस जाड, शांत आणि पानाचा शौकीन. ते म्हणाले, "कोलते, गुस्सा था, ये तो तुम खुद मान रहे हो. फिर मैं कैसे मानूँ कि हथौड़ी गुस्से में नहीं उठी?"

"साहब, फाटकवाले से पूछिए. उसने इशारा पहचान लिया था."

"वो भी रेलवे का, वो भी दक्खिनी. तुम लोग तो एक-दूसरे की कहोगे ही."

नट बघायला शिपाई गेला, तर ते घट्ट आवळलेले निघाले. बसच्या मालकाने दुसऱ्याच दिवशी आवळून घेतले होते. आता मात्र मीसुद्धा धास्तावले. खरं सांगते, त्या कपाटात मला पहिल्यांदा वाटलं, की विश्वंभरने शहाण्यासारखं खोटं लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

पण तिवारीजींच्या डोक्यात एक गोष्ट अडकली होती. बालकिशनच्याच तहरिरीत लिहिलं होतं, दोन्ही हात. ते स्वतःशीच पुटपुटले, "मारने वाला दोनों हाथ ऊपर क्यों करेगा?" दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कपाटातून काढलं आणि कोणाला न सांगता यार्डाच्या पार पलीकडच्या टोकाला गेले. तिकडे मारुतीला कोणी ओळखत नव्हतं. एक इंजिन हळूहळू डबे ढकलत येत होतं. तिवारीजी रुळांपासून लांब उभे राहिले आणि त्यांनी मला एका हाताने उगारलं, चांगलं मारायला उगारतात तसं. इंजिन ड्रायव्हरने वर्दी बघून सलाम ठोकला आणि इंजिन चालूच ठेवलं. मग तिवारीजींनी दोन्ही हात डोक्यावर नेले.

इंजिन कचकन थांबलं. मागचे डबे एकमेकांवर आदळले. ड्रायव्हर खाली उडी मारून धावत आला. "क्या हुआ साहब? कौन कट गया?"

"कुछ नहीं भैया. एक बात देखनी थी."

तो इंजिन ड्रायव्हर नगऱ्यातला, मूळचा इथलाच म्हातारा होता. त्याने दरोगाला जे झापलं! पळतं इंजिन म्हणजे खेळणं आहे का, हात वर करायचे तर धोका असला पाहिजे, वर्दी असली म्हणून काय झालं. तिवारीजी मान खाली घालून सगळं ऐकत राहिले. मी त्यांच्या हातात होते, आणि मला इतकं बरं वाटत होतं की विचारू नका.

अकराव्या दिवशी त्यांनी दोघांना बोलावलं. बालकिशन बस घेऊनच आला होता. मोठला निघालेली, सवाऱ्या भरलेली बस दारात उभी होती. तिवारीजी म्हणाले, "हात का मामला मैंने देख लिया. वो इशारा था. पर कोलते, गाली तुमने दी है. वो इशारा नहीं थी."

विश्वंभर उठला. मिशांवर फार जपणारा माणूस तो. त्याने बालकिशनसमोर हात जोडले आणि म्हणाला, "भैया, गाली देना मेरी गलती थी. माफ करो."

आपल्यापुढे कोणी असे हात जोडेल, हे बालकिशनच्या ध्यानीमनीही नव्हतं. भांडायच्या तयारीने आला होता बिचारा. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "साहब, नट ढीले थे. मालिक ने कहा था चुप रहना. कस तो दिए, पर छेद घिस गए हैं, तीसरे दिन फिर ढीले हो जाते हैं."

"आज कौन सा दिन है?" तिवारीजींनी विचारलं.

बालकिशनने दारातल्या बसकडे बघितलं. तिवारीजींनी माझ्या दांड्याची चिठ्ठी फाडली, मला विश्वंभरच्या हातात दिलं आणि म्हणाले, "बजाओ."

आम्ही बाहेर आलो. सगळी माणसं खिडक्यांतून बघत होती. विश्वंभरने डोळे मिटले. पहिला नट खणखणला. दुसरा बद्द. तिसरा बद्द. चौथाही बद्द. ठाण्यातल्या शिपायांना चाकातलं काही कळत नव्हतं, पण तो आवाज त्यांनाही कळला. मित्रांनो, मेल गाडीपुढेसुद्धा मी इतकी स्पष्ट बोलले नव्हते.

सगळ्यांना उतरवलं. शेवटी एक म्हातारी गाठोडं सावरत पायरीवर आली आणि बालकिशनला म्हणाली, "काए लला, का हो गओ? काए उतार रए?" ती त्याची आई होती. दर बाजाराला ती त्याच बसमधून, त्याच चाकावरच्या सीटवर बसून जायची. बालकिशनने तिचं गाठोडं घेतलं, तिला हात धरून खाली उतरवलं, आणि तो ठाण्याच्या पायरीवर बसून रडला.

विश्वंभर दुसऱ्या दिवशी कामावर रुजू झाला. पुढे चाकं तपासायला यंत्रं आली, तो निवृत्त झाला, आणि साहेबांनी मला त्याच्याबरोबर घरी जाऊ दिलं. तो गेल्याला आता बरीच वर्षं झाली, दुर्गाही गेली. मला गंज चढतो आहे, आणि महिन्यातून एकदा कोणी तेलाचं बोट लावलं तर मी आणखी पन्नास वर्षं टिकेन. ते मी हक्काने मागते.

आणि मुलांनो, रस्त्यावर कोणी तुमच्यापुढे हात वर करून उभा राहिला, तर त्याचा चेहरा कितीही रागीट असो, आधी थांबा आणि विचारा. तुम्हाला राग आला असेल, तर आला म्हणून सांगून टाका. विश्वंभरने कागदावरची ती पहिली दोन वाक्यं खोडली असती, तर त्याची नोकरी कदाचित तशीही वाचली असती. पण मग ना त्याने माफी मागितली असती, ना बालकिशनने खरं सांगितलं असतं, आणि ती म्हातारी त्या दिवशीही त्याच सीटवर बसून मोठला गेली असती.