माहेर नावाचं टेबल

त्या लॉन्ड्रीत मान मोजायची पट्टी एकच होती: बॉयलर. नवी बाई लागली की तिला बॉयलरला लागून असलेलं टेबल. मग वर्षं सरतील तशी ती एकेक टेबल आत सरकायची. अठरा वर्षं इस्त्री ओढल्यावर चार महिन्यांपूर्वी थोरलीला आतल्या खोलीतलं शेवटचं टेबल मिळालं. त्या टेबलाला सगळ्या जणी माहेर म्हणायच्या. "सुटलीस बाई," असं म्हणून बायांनी तिचा हात दाबला होता. तिलाही तसंच वाटलं होतं. पुरते चार दिवस.

सोमवारी दुपारी तिची धाकटी जाऊ बॉयलरपाशी चादर दाबता दाबता कोसळली. सहावा महिना. इस्त्री चादरीवरच राहिली आणि हॉस्पिटलच्या पांढऱ्या कापडावर तपकिरी होडी उमटली. सुपरवायझर माणूस वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. वाईट माणसाशी भांडता येतं. त्यानं धाकटीला पाणी पाजलं, पंख्याखाली बसवलं आणि जाहीर केलं, "उद्यापासून हिला माहेरी पाठवा. थोरली, तू तिची जागा घे."

सगळ्या माना हलल्या. थोरलीची हलली नाही.

"मी जागा देणार नाही," ती म्हणाली.

घरी पोचेपर्यंत ती गल्लीभर बदनाम झाली होती. नवरा ताटावरून मान वर करेना. धाकटी भिंतीला टेकून बसली होती. "जाऊबाई, मी काही मागितलं नव्हतं. जागा तुमची, तुम्हालाच लखलाभ."

"अगं, ती जागा चांगली नाही म्हणून देत नाही."

"हो ना. चांगली नाही म्हणूनच तुम्ही अठरा वर्षं वाट बघितलीत."

थोरलीला फक्त एवढं कळत होतं की माहेरी बसल्यापासून दुपारी डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि बॉयलरपाशी कात्री मागायला गेलं की जीवात जीव येतो. पण हे सांगायचं कुणाला? विस्तवापासून लांब बसून भाजतं म्हणणाऱ्या बाईला लोक वेड्यात काढतात.

रात्री तिनं सासऱ्यांना सांगितलं, त्यांनी मात्र वेड्यात काढलं नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं बाटल्या पुसल्या होत्या. मास्तर बदलत गेले, धडे तेच राहिले, आणि ते धडे यांनी मास्तरांपेक्षा जास्त वेळा ऐकले होते.

"बुध सूर्याच्या मांडीला मांडी लावून बसलाय," ते म्हणाले. "शुक्र जवळजवळ दुप्पट लांब. जास्त कोण तापतं?"

"बुध, आणखी कोण?"

"सगळी पोरं हेच सांगायची. चूक. बुधाच्या अंगावर हवेचं चिरगूटसुद्धा नाही. दिवसा भाजतो, रात्री सगळी ऊब उधळून गोठतो. शुक्रानं कार्बन डायऑक्साइडची ही एवढी जाड दुलई ओढलीय. आलेली उष्णता बाहेर जायला बघते, दुलई सोडत नाही. शिसं वितळेल इतका तापतो, आणि दिवसरात्र तापतो."

"आणि आपण, बाबा?"

"आपल्यालाही दुलई आहे. नसती तर समुद्र गोठले असते. बेताची होती, बरी होती. आता धूर ओतून ओतून आपणच ती जाड करतोय. पुस्तकात त्याला हरितगृह परिणाम म्हणतात. नाव इतकं हिरवंगार, की एका पोरानं पेपरात लिहिलं होतं, सर्वांनी मिळून हरितगृह परिणाम वाढवला पाहिजे." ते हसले, मग हसू पुसलं. "त्या पोराचं ऐकलं बघ सगळ्यांनी."

"म्हणजे आमचं माहेर शुक्र आहे?"

"अगदी तसंच नाही. तिकडे वायू उष्णता अडवतो, तुमच्याकडे हवाच कोंडली असेल. पण किती लांब बसलोय एवढंच विचारून भागत नाही. आत आलेली उष्णता बाहेर कुठून पडते, तेही विचारायचं. तुमच्या खोलीत कुठून पडते?"

थोरलीला आठवलं. दोन वर्षांपूर्वी चादरींवर काळे ठिपके पडायला लागले होते. रस्त्याची धूळ म्हणून आतल्या खोलीची खिडकी आणि वरचे झरोके प्लास्टिकनं बंद केले होते. तेव्हापासून वाफ आत यायची. बाहेर जाताना तिला कुणीच पाहिलं नव्हतं.

सासऱ्यांनी कपाटातून दोन थर्मामीटर काढले. "निवृत्तीला लोकांना घड्याळ मिळतं, मला हे मिळाले. ने."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं एक बॉयलरजवळच्या टेबलावर टांगला, तिथे दार उघडं असायचं. दुसरा माहेरी. बॉयलरपाशी एकोणचाळीस. माहेरी चव्वेचाळीस.

"तुझी नळी बिघडलीय," सुपरवायझर म्हणाला.

तिनं दोन्हींची अदलाबदल केली आणि पाव तास इस्त्री ओढली. बॉयलरपाशी एकोणचाळीस. माहेरी चव्वेचाळीस.

"आता दोन्ही बिघडल्यात म्हणा."

"अगं, सगळं जगच तापलंय. मी काय सूर्याला झाकण लावू?"

"झाकण तुम्ही लावलंच आहे. सूर्याला नाही, आम्हाला."

कुणीतरी फिसकन हसलं. शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली, वयानं सगळ्यांत मोठी, हळूच म्हणाली, "मला दोन उन्हाळे इथे गरगरतंय."

"मग बोलली का नाहीस?" थोरलीनं विचारलं.

"माहेरच्या तक्रारी कुणाजवळ करायच्या, बाई?"

मानाची जागा मिळाली, की माणूस घाम पुसत पुसत वारा छान आहे म्हणतो. थोरली स्वतः चार महिने तेच म्हणत आली होती.

धाकटी दारात येऊन उभी होती. तिनं थर्मामीटरकडे पाहिलं, मग जावेकडे. पोटावर आडवा हात धरून ती एक पाऊल मागे सरकली.

"प्लास्टिक काढलं की ठिपके पडतील," सुपरवायझर म्हणाला. "हॉस्पिटल गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवेल."

"ठिपके पडले तर मी धुते. डाग धुता येतो. ही इथे पडली तर काय धुणार?"

कात्री घेऊन ती टेबलावर चढली. टेबल डुगडुगलं. सुपरवायझरनं दोन्ही हातांनी पाय धरला. "पडलीस तर तेही माझ्याच डोक्यावर," तो पुटपुटला, पण धरून राहिला.

प्लास्टिक फाटलं आणि कोंडलेली वाफ तिच्या तोंडावरून बाहेर धावली. बाहेरची हवाही काही गार नव्हती. साऱ्या जगावर ओढलेली ती दुलई एकटीच्या कात्रीनं फाटणारी नव्हती. पण पुढच्या तासाभरात माहेर चाळीसवर उतरणार होतं.

ती अजून खाली उतरली नव्हती. खिडकीतून पहिल्यांदाच तिला मागची बाजू दिसत होती. रस्ता कुठेच नव्हता. समोर होतं लॉन्ड्रीचंच धुराडं, आणि त्यातून काळा धूर वळून सरळ खिडकीकडे येत होता. एक काळा कण तिच्या मनगटावर बसला. तिनं तो बोटानं पुसला आणि बोट खाली सुपरवायझरच्या नाकासमोर धरलं.

"हे रस्त्याचं आहे?"

त्यानं बोटाकडे पाहिलं, मग खिडकीकडे. टेबलाचा पाय त्यानं अजून सोडला नव्हता.

"धाकटे," थोरलीनं हाक मारली, "तू दारापाशी बस, घड्या घालायला. आणि खडू घे. दर तासाला दोन्ही आकडे भिंतीवर लिही, कुणी पुसले तर पुन्हा लिही." मग ती सुपरवायझरकडे वळली. "हा बॉयलर कशावर चालतो?"

"कोळशावर. का?"

"मालक कधी येतात?"

"गुरुवारी. का गं?"

"त्यांच्यासाठी एक चादर पांढरी धुऊन ठेवते," ती म्हणाली. "त्या खिडकीत वाळत घालायला."