तीस दिवसांची यादी

आमच्या घरात काहीही विकत घ्यायचं झालं की ते आधी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर लिहावं लागतं. दाराच्या आतल्या बाजूला जुन्या कॅलेंडरचं पान पालथं चिकटवलेलं आहे. वस्तू लिहायची, शेजारी तारीख घालायची आणि तीस दिवस गप्प बसायचं. तीस दिवसांनंतरही ती हवीच असेल तर घ्यायची, नाहीतर खोडायची. खोडायला तांबडी पेन्सिल, आणि ती फक्त माझी. एकदा खोडलेलं तीन महिने पुन्हा लिहायचं नाही, नाहीतर लोक वेड पांघरून तेच तेच लिहीत बसतात.

नियम माझा. तेरा वर्षं झाली. दहातल्या आठ गोष्टी खोडल्या जातात, हे मी लोकांना न विचारता सांगतो. जांभळी छत्री खोडली, केस वाळवायचं यंत्र खोडलं, आमच्या चिंगीने लिहिलेला ‘मासा (जिवंत)’ दोनदा खोडला. बाकीच्या युक्त्याही आहेत. टूथपेस्टची नळी कात्रीने कापून आतली पेस्ट आठ दिवस वापरायची. साबणाचा चपटा तुकडा नव्या वडीला ओला असतानाच चिकटवायचा. भाजी बाजार उठायच्या वेळी आणायची. आम्ही कधी कुणापुढे हात पसरला नाही, उलट चार महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम अडीअडचणीसाठी बाजूला आहे. कामावरचे लोक मला ‘महिनाभर’ म्हणतात, कारण कुणी काही घ्यायचं म्हटलं की माझ्या तोंडून तेच निघतं. मला त्या नावाचा राग नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

मी लिफ्टचा मेकॅनिक आहे. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी एका नऊ मजली इमारतीत लिफ्टच्या छतावर उभा होतो. लिफ्ट चालू होती, वर-खाली नीट जात होती, पण दोराच्या चाकातून बारीक किरकिर येत होती. तिथला व्यवस्थापक म्हणत होता, आठवडाभर चालवू या, बघू काय होतंय. मी त्याला चांगलंच झापलं. म्हटलं, आवाज आला की लिफ्ट बंद, हा आमचा धंदा आहे, बघत बसणं हा नाही. मी ‘बंद आहे’ची पाटी लावत होतो तेवढ्यात फोन वाजला.

फोन बायको काम करते त्या दुकानाच्या मालकीणबाईंचा होता. बायको कपडे धुण्या-इस्त्रीच्या दुकानात रफूचं काम करते. कोटाला जळून पडलेलं भोक ती असं बुजवते, की ज्याचा कोट त्यालाही जागा सापडत नाही.

“तुमच्या बायकोला मी डोळ्यांच्या दवाखान्यात आणलंय,” मालकीणबाई म्हणाल्या. “तुम्ही लगेच निघा.”

“काय झालं? सुई लागली का?”

“सुई कसली! अहो, तिने एका कोटाचा खिसा शिवून बंद केला. बाही समजून. मी विचारलं तर म्हणाली, डावीकडे अंधार आहे. आणि परवापासून भिंत चाचपत चालतेय. तुम्हाला घरी दिसलं नाही?”

मला घरी काही दिसलं नव्हतं. मी पाना हातात घेऊन तसाच नऊ मजले उतरलो, आणि खाली आल्यावर लक्षात आलं की पाना हातातच आहे.

दवाखान्यात बायको बाकावर बसली होती. डोळ्यांत औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या होत्या. मी समोर उभा राहिलो तर तिने मान वळवून मला उजव्या डोळ्याने पाहिलं, कोंबडी पाहते तशी. “आलात? आणि काम?” ती म्हणाली. 

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि फार शांत बोलत होत्या. त्या शांतपणाचीच मला भीती वाटली. त्यांनी कागदावर एक गोल काढला आणि आत पेन्सिलीने एक बाजू काळी केली. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता, भिंतीचा कागद ओलीने सुटतो तसा. आधी त्याला बारीकशी चीर पडली असणार. तेव्हा डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं होतं, काळे ठिपके तरंगतात.

“असं काही झालं होतं का?” त्यांनी विचारलं.

“हो,” बायको म्हणाली.

“कधी?”

“सात आठवडे झाले.”

डॉक्टरीणबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “तेव्हाच आला असता तर दहा मिनिटांचं काम होतं. चिरेभोवती लेझर मारला की संपलं. त्याच दिवशी घरी. आता मोठं ऑपरेशन करावं लागेल, उद्याच. आणि मधली नजर कितपत परत येईल ते मी सांगू शकत नाही.”

त्यांनी खर्चाचा आकडाही सांगितला. आमच्या बाजूला ठेवलेल्या रकमेच्या एक तृतीयांशही होत नव्हता. लेझरचा तर तिच्या पंधरा दिवसांच्या पगारात भागला असता.  पैसे होते. कपाटात, बँकेत, माझ्या डोक्यात, सगळीकडे होते.

बाहेर आलो आणि मी भडकलो. भीती वाटली की मी भडकतो, हा माझा जुना दोष आहे. दवाखान्याच्या भर व्हरांड्यात, दहा-बारा माणसांसमोर मी बायकोवर ओरडलो. “सात आठवडे! सात आठवडे तू तोंड शिवून बसलीस? मी काय परका आहे? मला एका शब्दाने सांगायला काय झालं होतं तुला?”

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“सांगितलं होतं की,” ती म्हणाली.

“कधी?”

“यादीत लिहिलं होतं. तुम्हीच वाचलंत. तुम्ही विचारलंत, अजून हवंय का? तेव्हा चमकायचं थांबलं होतं. मी म्हटलं, आता चमकत नाही, राहू द्या. तुम्ही खोडलंत.”

“शक्यच नाही,” मी म्हणालो. “असलं काही मी वाचलेलं नाही. मला आठवलं असतं.”

“बरं,” ती म्हणाली.

“आणि मग अंधार आला तेव्हा?”

“तीन महिने व्हायचे होते ना,” ती म्हणाली, आणि हातातला रुमाल घडी करू लागली. तीच घडी ती पुन्हा पुन्हा उलगडून घालत होती.

डोळ्याचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, उगाच कुणाला टांगून ठेवण्यात मला रस नाही. ऑपरेशन झालं. पडदा बसला. कडेची नजर आली, मधली आली नाही. त्या डोळ्याने तिला दार दिसतं, माणूस दिसतो, माणसाचा चेहरा दिसत नाही. रफू सुटलं. आता ती दुकानात पावत्या फाडते आणि कपड्यांना चिठ्ठ्या लावते. मालकीणबाईंनी पगार कमी केला नाही, हा त्यांचा मोठेपणा. रफूला आलेला कोट ती अजून हातात घेते, भोकावरून बोट फिरवते आणि परत ठेवते. मला हे बघवत नाही, म्हणून मी दुकानात जात नाही.

पण त्या दिवशी हे काही माहीत नव्हतं. बायकोला भरती करून घेतलं. मालकीणबाई तिच्यापाशी बसल्या आणि मी घरी निघालो. कपडे आणायचे होते, बँकेचं पुस्तक आणायचं होतं. हे मी लोकांना सांगितलेलं कारण. खरं कारण असं, की मला ती यादी बघायची होती. ती चुकतेय, हे मला सिद्ध करायचं होतं. बायको दवाखान्यात उद्याच्या ऑपरेशनची वाट बघतेय आणि नवरा तिला खोटं पाडायला धावत सुटलाय! मला त्या वेळी त्याची लाजही वाटली नाही.

घरी चिंगी शाळेतून आलेली होती. वय वर्षं नऊ. स्वयंपाकघरात टेबलाशी बसून दुधात बिस्कीट बुडवून खात होती. माझ्याकडे तिची पाठ होती. “आई कुठाय?” तिने विचारलं. मी म्हटलं, “सांगतो,” आणि सरळ कपाट उघडलं.

यादी वरपासून वाचत आलो. चपला (बाबा). खोडलेलं. मिक्सरचं भांडं. घेतलेलं. टेबलावरचा दिवा. खोडलेलं. आणि त्याच्याखाली, बायकोच्या बारीक, एकसारख्या अक्षरात:

डोळे दाखवणे (डावा, वीज चमकते)

शेजारी तारीख. आणि त्यावरून तांबडी रेघ. मी रेघ पट्टीने मारतो, कारण वेडीवाकडी रेघ मला खपत नाही. ही रेघ अगदी सरळ होती. शब्दांच्या बरोबर मधून गेलेली, ‘चमकते’च्या पुढे जरा लांबलेली. रेघ मारून झाल्यावर मी बाजूला एक छोटी बरोबरची खूण करतो, वाचवलं म्हणून. तीही होती.

मग मला आठवलं. महिन्याचा पहिला रविवार, जेवणं झालेली. यादी वाचताना मी आवाज काढून वाचतो, घरातल्यांना हसायला येतं. ‘वीज चमकते’ हे मी गडगडाटाचा आवाज काढून वाचलं होतं. चिंगी खुर्चीवरून पडेपर्यंत हसली होती. बायकोही हसली होती. मग मी पट्टी घेतली.

मी खाली बसलो. खुर्ची होती, पण मी फरशीवरच बसलो. दुसऱ्याच्या लिफ्टमध्ये चाक किरकिरलं तर मी त्याच क्षणी पाटी लावतो, भल्याभल्यांशी भांडतो. आणि माझ्या बायकोच्या डोळ्यात वीज चमकत होती, तर मी गडगडाटाचा आवाज काढला. मला स्वतःची किळस आली. हे असं कुणाच्या घरात होत असेल? लोक साबण वाचवतात, दिवे वाचवतात. मी काय खोडून बसलो होतो!

“बाबा, तुम्ही खाली का बसलात?” चिंगी म्हणाली.

मी वर पाहिलं. कपाटाचं दार उघडंच होतं, आणि खालून बघितल्यामुळे मला पानाचा तळ दिसला. तिथे तिचं अक्षर होतं, जाड आणि उतरतं. चिंगी उंचीने लहान, ती नेहमी तळाशीच लिहिते.

दाढ (खालची, डावी)

शेजारी तारीख. आठ दिवसांपूर्वीची.

मी उठलो. तिच्या खुर्चीला वळसा घालून समोर आलो आणि दिवसभरात पहिल्यांदा पोरीचं तोंड पाहिलं. डावा गाल सुजून टरारला होता. त्या बाजूचा डोळाही जरासा बारीक झाला होता. कपाळाला हात लावला तर गरम. सकाळी ही माझ्यासमोरूनच शाळेत गेली होती. तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं होतं का, ते मला आठवेना.

“चिंगे, अगं, दुखतंय ना हे?”

“दुखतं. रात्री जास्त.” तिने ओलं बिस्कीट उजवीकडच्या गालात सरकवलं. “पण मी दिवस मोजतेय. अजून बावीस.”

“सांगायचं नाहीस मला?” मी ओरडलो नाही. 

“सांगितलं होतं,” ती म्हणाली, अगदी तिच्या आईसारखी. “तुम्ही आरशात बघून दाढी करत होतात. तुम्ही म्हणालात, लिही यादीत.”

मी तिच्या पायात चपला घातल्या. नऊ वर्षांच्या पोरीला स्वतः घालता येतात, पण मी घातल्या. पट्टा दोनदा सुटला. ती माझ्या डोक्याकडे बघत होती.

“कुठे जायचंय?”

“दातांच्या डॉक्टरकडे. मग आईकडे. आई डोळ्यांच्या दवाखान्यात आहे, उद्या तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे.”

“त्या विजेच्या डोळ्याचं?”

“हो.”

ती उठली. कपाटाचं दार उघडं होतं, ते तिने सवयीने लावलं. आम्ही बाहेर पडलो, कुलूप घातलं, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलो, आणि ती थांबली.

“पण बाबा, तीस दिवस झाले नाहीत.”

“नसू देत. दुखणं असलं की थांबायचं नसतं. लगेच जायचं असतं.”

तिने यावर विचार केला. विचार करताना ती सुजलेल्या गालाला तळहात लावून उभी होती.

“म्हणजे आईचं पण लगेच चाललं असतं?”

माझ्याकडे उत्तर होतं, एका अक्षराचं.  मी तिचा दुसरा हात धरला आणि जिना उतरू लागलो.