तांब्याच्या तारेची बाई

यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत शेतपंपांच्या मोटारी वाइंडिंग करायच्या एका दुकानात रवी चौदा वर्षं कामाला होता. जळालेल्या मोटारीतून निघणारी तांब्याची तार भंगारात जायची. त्यातले तुकडे मालक त्याला घरी नेऊ द्यायचा आणि रवी त्यांची माणसं घडवायचा, वीतभर उंचीची. डोक्यावर भारा घेतलेली म्हातारी, सायकलवरून पाय टेकवून उभा दूधवाला, भांडणाऱ्या दोन बाया. त्यांना नाकडोळे नसायचे, तरी बस्तीतलं कोणीही पाहिलं की म्हणायचं, हा तर आपला अमका.

त्याची बायको शीला उरलेल्या बारीक तारेचे कानातले करायची. त्यात बेअरिंगचे छर्रे, फुटक्या बांगड्यांची काच, बियाण्याच्या चमकदार पिशव्या कातरून केलेली फुलं. लग्नसराईत पोरी तिच्याकडून झुमके न्यायच्या. शिकली होती ती रवीकडूनच.

कापसाची वाईट वर्षं लागली तशा मोटारी येईनाशा झाल्या आणि दुकान बंद पडलं. २०१७ च्या पावसाळ्यात रवी फवारणीला जाऊ लागला. त्या साली कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. पाठीवर पंप घेऊन तो आत शिरला की बाहेरून दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा. औषध वरच्या पानांवरून तोंडावर उडायचं.

सप्टेंबरात एका दुपारी तो भिंत धरत घरी आला. "शीला, मले तू दोन दोन दिसून राह्यली," म्हणाला आणि ओकला. यवतमाळच्या दवाखान्यात त्याच्यासारखेच फवारणीवाले एकेका खाटेवर दोघे दोघे होते. शेजारच्या खाटेवरचा मारोतराव तिसऱ्या दिवशी गेला. रवी नवव्या दिवशी घरी आला. "वाचला बाप्पा," जो तो म्हणाला. शीलानंही तेच मनाशी धरलं.

त्याची तारेची एक बाई अर्धी राहिली होती. कापूस वेचणारी, वेचलेला टाकायला कमरेला ओटी बांधलेली. रवीची आई जन्मभर वेचायला गेली. ती वारल्यापासून ही बाई त्याच्या मनात होती. वाकलेली पाठ झाली होती, ओटीचा फुगार झाला होता. बोंडाकडे गेलेला उजवा हात तेवढा बाकी होता. बचत गटाच्या विमलताई दिवाळीनंतरच्या प्रदर्शनात ती मांडणार होत्या.

घरी आल्यावर पंधरा दिवसांनी रवी तार घेऊन बसला. तार सुटून पडली. पुन्हा धरली, पुन्हा पडली.

"पक्कड बिघडली काय पाह्य बरं," तो म्हणाला.

शीलानं पक्कड उघडझाप करून पाहिली. चांगली होती.

"मंग बोटं बिघडली," रवी म्हणाला. "तार धरली का नाही, पाह्यल्याशिवाय समजतच नाही मले."

त्याच आठवड्यात त्याची चप्पल रस्त्यात सुटली आणि तो तसाच घरापर्यंत आला. डॉक्टर म्हणाले, फवारणीच्या औषधानं नसांवर परिणाम झाला. सुधारतील हळूहळू, किंवा सुधारणारही नाहीत.

"मी सांगतो, तू कर," रवीनं शीलाला बसवलं. ती तार वळवू लागली.

"मनगट इतकं जाड कायले? माह्या आईचं मनगट पाह्यलं नाही का तू?"

"पाह्यलं. म्हणूनच त करून राह्यली."

"उकल."

तिनं उकललं. असं चारदा झालं. चौथ्यांदा तार तुटली. रवी "राहू दे" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

पण तो हात शीलाच्याही ओळखीचा होता. अकरा हंगाम ती सासूच्या शेजारच्या ओळीत वेचत होती. बोंडाच्या टोकांनी सोललेली, सुजलेली ती बोटं तिनं रोज पाहिली होती. प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी रवी झोपला असताना तिनं हात केला. जाडच केला. बाई कापडात गुंडाळून विमलताईंकडे पोचवली. रवी समजला, बिनहाताचीच गेली.

चार दिवसांनी विमलताई हसतच आल्या. "जयभीम रवीभाऊ. बाई गेली तुमची. कॉलेजातल्या मॅडमनं नेली. म्हणे, सारी बाई चांगली, पण जीव हाये तो हातात."

शीलानं डोळ्यांनी खुणावलं, ते त्यांना दिसलं नाही. रवी त्यांच्याकडे पाहून हसला. त्या गेल्यावर त्यानं विचारलं, "तूनं केला?"

"हो. तुम्ही निजले होते."

तो म्हणाला, "चांगलं केलं." आणि मग, "मले दाखवला नाही."

"तुम्ही उकलाले लावलं असतं."



दुसऱ्या दिवशी त्यानं भंगारवाल्या रामलालला बोलावलं. तारेची भेंडोळी, छर्रे, डबे, सगळं बाहेर काढायला लावलं. शेवटी फळीवरची माणसं.

"माणसं तरी ठेवा," शीला दारात आडवी उभी राहिली.

"तांबंच हाये ते. सरक."

पोत्यात मावेनात म्हणून रामलालनं दूधवाला आणि म्हातारी पायाखाली घेऊन चपटी केली. रवी ते पाहत बसला. रामलाल गेल्यावर म्हणाला, "याच्यापुढं या घरात पकडीचा आवाज नको मले."

शीला वेचायला जाऊ लागली. निघण्यापूर्वी ती त्याच्या सदऱ्याची बटणं लावून द्यायची. थोडी तार तिनं लपवून ठेवली होती. दुपारी बाया भाकरी खायला बसल्या की ती शेताच्या धुऱ्यावर बसून कानातले करायची. शेजारणीनं, कौसल्येनं एकदा विचारलं, "घरी काहून नाही करत व?" शीला तार वळवत राहिली. कानातले ती कौसल्येकडेच ठेवून यायची.

माघात एका संध्याकाळी ती परतली तेव्हा रवी उंबऱ्यावर बसला होता. तिला वाकायला लावून त्यानं तिचा हात दोन्ही हातांत घेतला. लग्नानंतर असं क्वचितच झालं होतं.

"थकली काय?" त्यानं विचारलं.

तिच्या बोटांवर तारेचे ताजे ओरखडे होते, एकातून रक्तही आलेलं. अंधार पडला होता, त्याला दिसलं नाही. तो तिची बोटं एकेक करून दाबत राहिला. आता विचारेल, मग सांगून टाकू, असं म्हणून ती थांबली.

"हात गरम हाये का थंडा, तेही समजत नाही," रवी म्हणाला.

तिनं हात सोडवून घेतला आणि चूल पेटवायला आत गेली.