रिकाम्या वाटेचा आकडा

नवरा निवडताना ताईने जेवढा विचार केला नव्हता तेवढा ती एक चिप निवडताना करते, असं तिचा नवरा घरभर सांगत फिरायचा. त्याचंही खरं होतं. टेबलावर दोन जातींच्या मल्टिप्लेक्सर चिपा मांडून ती सकाळपासून बसली होती. बोर्डाचा मेंदू म्हणजे मायक्रोकंट्रोलर; त्याला मोजायच्या पिना मोजक्या आणि मोजायच्या जागा ढीगभर, म्हणून मध्ये ही चिप लागते. तिच्या प्रत्येक वाटेवर एकेक सेन्सर, आणि ती पाळीपाळीने एकेक वाट उघडते. दवाखान्याच्या दारात एकेका पेशंटला आत डॉक्टरकडे सोडणारा माणूस असतो ना, तेच हिचं काम.

ताईने बनवलेला, तापमान मोजणारा पहिला बोर्ड शीतगृहाच्या तळघरात, बॅटऱ्यांच्या खोलीत लागला होता. तिथे देखरेखीला तिचा धाकटा भाऊ होता. आधी तो दिवसातून कितीदा तरी आत जाऊन बॅटऱ्यांना हात लावून बघायचा. एखादी आतून तापत गेली तर फुटते आणि शेजारच्यांना पेटवते, हे ताईला माहीत होतं. त्या धास्तीनेच तिने प्रत्येक बॅटरीला तापमानाचा सेन्सर लावून दिला. तेव्हापासून स्वारी लोखंडी दाराबाहेर खुर्ची टाकून स्क्रीन बघत बसायची. आता बॅटऱ्यांची दुसरी रांग येणार होती, म्हणून दुसरा बोर्ड.

तिने चिपेच्या चौथ्या वाटेचा सेन्सर गरम पाण्याच्या कपात सोडला. पाचवी वाट अजून रिकामीच होती. स्क्रीनवर चौथीला अठ्ठावन्न अंश दिसले, आणि पाचवीलाही अठ्ठावन्न.

तार चुकून तिकडे जोडली की काय? तिने वाकून पाहिलं. पाचवीत काहीच नव्हतं. सेन्सर थंड पाण्यात घातला, तर दोन्ही आकडे जोडीने उतरले. चिप बदलली, दुसरी चांगली भारीतली लावली, तरी तेच. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आत कोणी आलंच नव्हतं, आणि डॉक्टरने आधीच्याच पेशंटचा ताप पुन्हा लिहून ठेवला होता. दोष चिपेत नव्हता. रिकामी वाट शून्यावर ओढून धरणारा रेझिस्टर तिने लावलाच नव्हता. इथेही नाही आणि तळघरातही नाही.

गेल्या आठवड्यात धाकटा फोनवर म्हणाला होता, "ताई, अकरा आणि बारा नंबरच्या बॅटऱ्या जुळ्या बहिणी झाल्यात बघ. दशांशसुद्धा सारखा!" दोघंही खळखळून हसली होती. ते हसणं आठवताच तिने हातातला सेन्सर टाकला. तिने घाईने धाकट्याला फोन लावला.

"बारक्या, खोलीत जाऊ नकोस!"

"तुला कसं कळलं? आत्ता उठलोच होतो. जरा वास येतोय, प्लास्टिक तापल्यासारखा. पण स्क्रीन ठीक आहे. अकरा, बारा, दोन्ही एकतीसवर."

"बाराच्या सेन्सरची तार तुटलीय, ती वाट रिकामी आहे. तो आकडा अकराचाच आहे. बारा किती तापलीय ते कुणालाच माहीत नाही. माझं चुकलंय रे. सगळ्यांना घेऊन बाहेर पळ."

"तुझं? आणि चुकलंय?" तो हसला. "अख्खं शीतगृह रिकामं करू? साहेबांनी विचारलं तर काय सांगू, बहिणीचा फोन आला होता? थांब, नुसता डोकावून येतो."

"बारक्या, ऐक माझं! आत जाऊ नकोस!"

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. ताई जिवाच्या आकांताने ओरडत राहिली, आणि तिकडे कुणीतरी विचारलं, एवढं कोण ओरडतंय?

"ताई आहे," धाकट्याचा आवाज लांबून आला. दाराची कडी निघाली. "उगाच घाबरते. अरे, हे सगळं तिनेच तर बनवलंय. ते नाही चुकायचं."