वृंदाच्या अंगात आली

खांबेट्यांच्या घरात निर्णय माणसं घेत नसत, देवी घेत असे. वर्षातून एकदाच, आश्विनातल्या अष्टमीला, आणि तेही माईंच्या तोंडून. गिरगावात, खोताच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड. अष्टमीला तिथे महालक्ष्मी बसायची. तांदळाच्या उकडीचा मुखवटा, नवी साडी, ठेवणीतले दागिने. तिन्हीसांजा झाल्या की चाळीतल्या बायका जमायच्या, उदाचा धूर दिलेली घागर तोंडाशी धरून फुंकायच्या, फुंकता फुंकता घुमायच्या, आणि सुभद्रा खांबेटे ऊर्फ माई यांच्या अंगात देवी यायची. मग ज्याला जे विचारायचं ते त्याने विचारून घ्यावं. देवी बोलली की वाद संपला.

माईंचे यजमान गेले तेव्हा चाळीत कुजबुज झाली की आता हिने घागर कशी फुंकावी. पुढच्या अष्टमीला माईंनी मुकाट्याने घागर उचलली, आणि आपण सवाष्ण-विधवा बघत नाही असं खुद्द देवीनेच सांगून टाकलं. न्यायाधीश घरचाच असला की फार पळापळ करावी लागत नाही.

सून वृंदा हे लग्न होऊन आल्यापासून बघत होती. बघत कसली, भोगत होती. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिला दादरच्या एका शाळेत नोकरी लागली होती, कायमची. घराच्या मानाने दादर म्हणजे काही विलायत नव्हे. पण त्या अष्टमीला माईंनी डोळे फिरवले आणि देवी म्हणाली, "घरची लक्ष्मी रोज उंबरठा ओलांडायला लागली तर घर फुटेल." वृंदाने शाळेत जाऊन नकार कळवला आणि घरी येऊन मोरीत नळ सोडून रडली. दुसऱ्या दिवशी माई खीर वाढून घेत म्हणाल्या, "काय बोलली गं देवी काल? मला मेलीला काहीसुद्धा आठवत नाही." त्या खिरीत विष कालवावं असं तेव्हा वृंदाच्या मनात येऊन गेलं होतं. तिने वेलदोडा तेवढा जास्त घातला.

आता प्रश्न तिच्या मुलीचा होता. आकांक्षा परळला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करायची. तिथलाच राजरत्न तिला आवडला होता. मुलगा शहाणा, हसतमुख, परळच्याच चाळीत वाढलेला, बौद्ध. आकांक्षाने घरात सांगितलं तेव्हा तिच्या बापाने, हितेंद्रने, आधी पंखा वाढवला आणि मग नेहमीचं भाषण केलं. "मी जात मानत नाही. माझे निम्मे मित्र सगळ्या जातींचे आहेत. पण समाज आहे, माई आहे, घराचा कुळाचार आहे." जात न मानणाऱ्या माणसाला एवढी सगळी मंडळी आडवी येतात हे एक नवलच आहे. शेवटी तो म्हणाला, "अष्टमीला देवीला विचारू. हो म्हणाली तर मी स्वतः परळला जाऊन बोलणी करीन, हॉल बघीन, तुझा हात त्याच्या हातात देईन. नाही म्हणाली तर तुझी तू मोकळी. मग हे घरही तुझं नाही."

"कोर्टात सही करून लग्न होतं, आई, मला माहितेय," आकांक्षा रात्रीचं जेवण झाल्यावर भांडी पुसता पुसता म्हणाली. "एक दिवसाचं काम. पण मला बाबा हवाय गं लग्नात. तो बाजूला उभा नसेल तर मला ते चोरी केल्यासारखं वाटेल."

"माई हो म्हणायच्या नाहीत."

"आजीच्याच अंगात यायला पाहिजे असं कुठे आहे? या वर्षी तू घे ना."

वृंदा खळखळून हसली. मग थांबली. मग मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि बेत ठरला.

या बेताला खतपाणी घालायला शिवाजी पार्कजवळच्या चारुलता मॅडम होत्याच. त्यांच्याकडे बायकांसाठी वर्ग चालायचा, 'आतली देवी'. आकांक्षानेच मागे आईच्या वाढदिवसाला तिचं नाव तिथे घातलं होतं. गार हॉल, सतरंज्या, मंद संगीत. मॅडम सांगायच्या की प्रत्येक बाईत सगळ्या देवी असतात. कुणी अन्नपूर्णेतच अडकून पडते, कुणाची सरस्वती मुकी होते, आणि कालीला तर घरोघरी झोपेची गोळी देऊनच ठेवलेली असते. "पोटातून उठतो तो पहिला शब्द देवीचा," मॅडम म्हणायच्या. "त्याच्या मागून येतो तो समाजाचा. पहिला शब्द अडवू नका." बायका माना डोलवायच्या. त्यांना जन्मात कुणी काही विचारलेलं नसल्यामुळे विचारलं की रडू यायचं, आणि रडू आलं की मॅडम म्हणायच्या, बघा, उठली. वर्गात डोळे मिटून एकेक देवीचं चित्र उचलायचं असे, आणि वृंदाला पहिल्या दिवसापासून अन्नपूर्णेचंच मिळत आलं होतं. एकदा श्वासाचा व्यायाम करताना तिच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की शेजारची बाई सतरंजीसकट सरकली. मॅडम खूश झाल्या. वृंदाही घरी येईपर्यंत हसत होती, अंगातून दगड काढून टाकल्यासारखं हलकं वाटत होतं.

नवरात्र बसल्यावर ती दुपारी दार लावून घागर फुंकायचा सराव करू लागली. आकांक्षा सुट्टीच्या दिवशी समोर बसून तालीम घ्यायची. देवीचं वाक्य दोघींनी मिळून रचलं होतं. 'पोरीला जाऊ दे. तो मुलगा माझाच आहे.' "आवाज आणखी खाली काढ," आकांक्षा सांगायची. "तू भाजीवाल्याशी बोलतेस तशी वाटतेयस." दोघी हसून हसून लोळायच्या. इतक्या वर्षांत मुलगी कधी एवढी जवळ आली नव्हती, आणि वृंदाला ते सुख कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालं होतं.

अष्टमी आली. खोली बायकांनी भरली, उदाच्या धुराने डोळे चुरचुरू लागले. माईंनी रिवाजाप्रमाणे पहिली घागर घेतली, पण यंदा त्यांचा दमा वाढला होता. चार फुंकरींत त्या धापा टाकू लागल्या आणि छातीला हात लावून भिंतीशी टेकल्या. वृंदाने घागर उचलली. आकांक्षाने कोपऱ्यातून हळूच अंगठा दाखवला.

आधी ती मोजूनमापून फुंकत होती. पाय कसे टाकायचे, केस केव्हा सुटू द्यायचे, सगळं ठरलेलं होतं. मग घागरीचा तो घुमारा कानांत भरला, बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला, आणि पाय आपले आपण पडू लागले. अंबाडा सुटला. घाम डोळ्यांत आला. पितळेच्या वासाने डोकं गरगरलं, आणि कुणीतरी ओरडलं, "आली गं, वृंदाच्या अंगात आली." बायका वाकल्या. हितेंद्र हात जोडून पुढे आला आणि गुडघ्यांवर बसला. याच माणसाने आजवर तिच्या 'भाजी कुठली करू'लासुद्धा धड उत्तर दिलं नव्हतं.

"आई जगदंबे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज कापत होता, "मुलगी परजातीत लग्न करायचं म्हणते आहे. तुझी आज्ञा काय?"

वाक्य वृंदाच्या जिभेवर तयार होतं. पण पोटातून दुसरंच काहीतरी उठलं. खिडकीत उभी राहून फोनवर हसणारी आकांक्षा तिला दिसली. असं हसू या घरात वृंदाच्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं. माझी शाळा गेली तेव्हा माझ्यासाठी कुणी घागर फुंकली होती? आणि मग राजरत्न दिसला, पहिल्यांदा घरी आला होता तेव्हाचा. तिने त्याला चांगल्या कपातून चहा दिला होता, बिस्किटं आग्रहाने वाढली होती, आणि तो गेल्यावर तो कप दोनदा घासला होता. कुणी सांगितलं नव्हतं. हातांनी आपणहून घासला होता. हे सगळं एका घोटात वर आलं, आणि तिने ते अडवलं नाही.

"नाही," ती म्हणाली. आवाज इतका खोल होता की तिचा तिलाच ओळखू आला नाही.

आकांक्षाला वाटलं, आई रंग भरते आहे. आधी नकार, मग विनवणी, मग होकार, म्हणजे बाबाला खरं वाटेल. ती हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढे आली, कुंकू लावायला वाकली आणि कानाशी पुटपुटली, "आई, मस्त झालं. बस आता. हो म्हण."

वृंदाने ते ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला. मुलीच्या केसांना येणारा शाम्पूचा वास तिला आला, गालाला तिचा श्वास लागला. घुमणं केव्हाच ओसरलं होतं, आता ती नुसती डोलत होती. समोर नवरा जमिनीला कपाळ टेकून होता. सगळी चाळ तिच्या तोंडाकडे बघत होती. एका शब्दावर पोरीचं सगळं अडकलं होतं आणि तो शब्द वृंदाच्या ताब्यात होता. असं काही तिच्या ताब्यात जन्मात आलं नव्हतं. ते तिला सोडवेना.

"नाही," ती दुसऱ्यांदा म्हणाली. "त्या घरात गेलीस तर या घराला मेलीस."

बायकांनी जयजयकार केला. आकांक्षा ताट हातात घेऊन तशीच वाकलेली राहिली. मग तिने ताट खाली ठेवलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

सकाळी हितेंद्रने स्वतः चहा केला आणि वृंदाच्या हातात आणून दिला. साखर कमी आहे का, असंही विचारलं. तो पूजेची फुलं आणायला खाली उतरल्यावर माई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. रात्रभर खोकून त्यांचा चेहरा उतरला होता.

"मी हो म्हणणार होते," त्या म्हणाल्या.

वृंदाने कप खाली ठेवला. "काय?"

"होच म्हणणार होते यंदा. पाठ करून ठेवलं होतं. जन्मभर नकारच दिले गं मी, तुझ्या नोकरीपासून. म्हटलं, नातीला एक होकार देऊन डोळे मिटावेत. दम पुरला नाही." त्या भिंतीला धरून खाली बसल्या. "कधी देवी आली, कधी मी आणली. आता माझं मलाच निवडून काढता येत नाही. तुझ्या अंगात खरंच आली होती का गं?"

तेवढ्यात आकांक्षा बाहेर आली. खांद्याला बॅग होती, डोळे सुजलेले होते, पण केस नीट विंचरलेले होते. तिने आजीला वाकून नमस्कार केला. मग आईसमोर उभी राहिली.

"एकच विचारते," ती म्हणाली. "पहिलं नाही मी सोडून देते. घागर फुंकून तुझं डोकं ठिकाणावर नसेल. दुसऱ्या वेळी मी तुझ्या कानात बोलले. ते तुला ऐकू आलं होतं का?"

नाही म्हणायला तोंड उघडलं असतं तर पोरगी राहिली असती. तिला राहायचंच होतं. विचारतानाच तिचा चेहरा आशेने असा काही झाला होता की माईंनीसुद्धा मान खाली घातली. वृंदाला ते दिसत होतं. आपली मुलगी आपल्याकडे एक खोटं मागते आहे हे तिला स्वच्छ कळत होतं. पण कालपासून तिच्या आत जे जागं झालं होतं त्याला खोटं बोलायची गरज वाटत नव्हती.

"आलं होतं," वृंदा म्हणाली.

"मग?"

"मग तरी नाहीच म्हणावंसं वाटलं."

आकांक्षा क्षणभर तिच्याकडे बघत राहिली, चुकीच्या घराची बेल वाजवल्यावर दार उघडणाऱ्या बाईकडे बघावं तशी. मग तिने चपला घातल्या. जिन्यावर तिची पावलं वाजली, मग खालच्या चौकात, मग ऐकू आली नाहीत. वृंदाच्या छातीत कळ उठली, खरी कळ, आणि तिला वाटलं की आत्ता धावत जिना उतरावा, अनवाणी, पोरीला हाताला धरून वर आणावं.

ती दारापर्यंत गेलीही. दारात शेजारच्या शेवंतीबाई उभ्या होत्या. हातात ओटीचं ताट, डोक्यावरून पदर घेतलेला. जिना त्यांनी अडवला होता. "वृंदाताई," त्या म्हणाल्या, आणि वयाने एवढ्या मोठ्या असूनही वाकून त्यांनी तिच्या पायांना हात लावला. "सुनेचं विचारायचं होतं. माहेरी जाऊन राहायचं म्हणतेय. काल धीर झाला नाही. आज सांगाल का?"

वृंदाने एकदा जिन्याकडे पाहिलं. मग पदर सारखा केला, बाजूला झाली, आणि शेवंतीबाईंना आत घेतलं.